गुळातला ळ

बावीस वर्षं मी फळ्यावर जीभ काढली.
टोकाला गोड, कडांना आंबट-खारट,
पार मागं, घशापाशी, कडू.
रंगीत खडूनं. परीक्षेत दोन गुण.

घरी आण्णा. बाळगोंडा मगदूम.
शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवर,
चाळीस वर्षं जिभेची नोकरी.
सुरीनं रव्याचा टवका काढायचा,
टाळूला चिकटवून डोळे मिटायचे
आणि म्हणायचं, "शिरोळचा.
खारपड रान. पाणी लई पाजलंय."
शेतकरी पायाच्या अंगठ्याकडं बघायचा.
भाव तिथंच फुटायचा.

तुझा नकाशा खोटा हाय, म्हणायचे मला,
माझी जीब काय तालुक्यागत वाटून दिल्याली न्हाई.
मी हसायचे.
माझं पुस्तक छापील होतं.

त्यांच्या जिभेवर जन्माचा एक काळा ठिपका.
सगळ्या पेठेत बोलवा, बाळगोंडा बोलला की होतंच.
सोयरीक ठरवायला निघालेली माणसं
आधी त्यांच्या तोंडात गुळाचा खडा सारायची,
वाकडं काही निघू नये म्हणून.
हमालांची पोरं जीभ दाखवा म्हणून मागं लागायची,
हेही दाखवायचे, ऐटीत.
किती जणांनी बघितला तो ठिपका.
त्याच्या शेजारी, टोकापासून जरा मागं,
तंबाखूच्या बाजूला,
एक पांढरट चट्टा चार महिने बसून होता.
तो कुणी बघितला नाही.
मीही नाही. मी, जीभ शिकवणारी.

सीपीआरमध्ये डॉक्टर मुल्लाणींनी
गॉजमध्ये धरून जीभ बाहेर ओढली.
काळा ठिपका? नुसता रंग आहे तो,
त्याला पुढचं-मागचं काही कळत नाही.
हा बघा, हा.
तीन आठवड्यांत भरला नाही
तेव्हाच यायचं होतं.
आण्णा घुसमटत काहीतरी विचारत होते.
जीभ सोडल्यावर कळलं: "हाडापतोर गेलंय काय?"
जिभेला हाड नसतं, आजोबा.
"ते खरं," आण्णा म्हणाले,
"आमची ही मरेपतोर तेच सांगत होती."

करंगळीच्या पेरापेक्षा थोडी जास्त काढली.
नळी, पेज, पाटीवर लिहिलेली भांडणं.
मग खिडकीवर कारकुनानं नाव विचारलं
तेव्हा पहिल्यांदा ऐकलं मी,
"बालगोंदा."
त्यानं तसंच लिहून घेतलं.
कागदोपत्री ते अजून तसेच आहेत.

गूळचं गूल. शिरोळचं शिरोल.
कोल्हापूर तेवढं जसंच्या तसं आलं.
आपल्या गावाच्या नावात साधा ल आहे
ह्याचं त्यांना दोन दिवस अप्रूप.

जखम वाळल्यावर मी टवका आणला.
त्यांनी तो उजवीकडून आत सरकवला, पार मागं,
माझ्या नकाशात जिथं फक्त कडू.
डोळे मिटले.
मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, चार झाल्या.
"गोद हाय.
कागलचा.
सोदा लई घातलाय."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर जीभ काढली
आणि खडूचा डबा उघडलाच नाही.
सगळीकडं सगळं लागतं, म्हटलं,
कुठं थोडं जास्त, कुठं थोडं कमी, एवढंच.
मागच्या बाकावरून खोतांचा सुकुमार:
"बाई, मग दोन गुण कशाचे?"

रात्री भिंतीपलीकडून व्यायाम ऐकू येतो.
कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय मीच,
ट ठ ड ढ ण,
आणि सगळ्यात खाली तो.
ल, म्हणतात आण्णा.
थांबतात. खाकरतात. ल.
इकडं अंधारात, तोंड मिटलेलं असताना,
माझी जीभ आपोआप मागं वळते,
टाळूला लागते,
आणि तशीच धरून ठेवते मी ती,
त्यांचा पुढचा आवाज येईपर्यंत.